पहिल्या कातरणीची लोकर

लांडग्यानं कोकरू नेलं ते बिरप्पाच्या पाठीमागून. कुत्रं भुंकून भुंकून घायकुतीला आलं, मेंढ्या एका अंगाला दाटल्या, कोकरू गळा फाटेस्तोवर ओरडलं. आणि बिरप्पा आपला धोंड्यावर बसून मावळत्या उन्हात टकळीवर लोकर कातत होता. ओढ्यापलीकडून त्याचा पुतण्या येडू धावत आला. त्यानं चुलत्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा बिरप्पानं वर बघितलं आणि हसून विचारलं, "का रं, भाकरी आणलीस व्हय?"

त्या भाकरीची वाडीत फार दिवस नक्कल झाली.

मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, जिथं काळी माती संपून मुरमाड माळ लागतो, तिथं ती धनगरांची वाडी होती. पाऊस त्या साली उगीच तोंड दाखवून गेला होता. माळावरचं गवत दसऱ्यालाच बोटभर उरलं, ओढ्याचे डोह आटले, म्हणून दिवाळी उरकली की लगेच मेंढरं घेऊन भीमेपल्याडच्या काळ्या रानांत उतरायचं ठरलं होतं. तिकडं शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात ज्वारी देत. कळपाच्या पुढं काठी घेऊन चालायचा मान वाडीत बिरप्पाचा. बापाच्या मागं काठी त्याच्याकडं आली, कारण थोरला भाऊ सिदू घरचा कारभारी झाला आणि मेंढरं ओळखायची नजर देवानं बिरप्पाला दिली होती.

कोकरू गेलं त्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर सिदू भावाजवळ येऊन बसला. त्याला जे सांगायचं होतं ते हळूच सांगायचं होतं. पण बिरप्पाला काही हळू सांगायची सोय राहिली नव्हती. सिदूनं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं सांगितलं, आणि शेवटी तोंडाशी हात धरून ओरडून सांगितलं, तेव्हा शेजारच्या खोपटातली माणसंसुद्धा जेवता जेवता थांबली.

"औंदा काठी येडूकडं दिऊ. मोडनिंबाच्या अंगाला रेल्वेचा रूळ वलांडावा लागतो. शिट्टी तुला आली न्हाय, तर समदा कळप रुळावर जाईल. तू घरी ऱ्हा. म्हाताऱ्या मेंढ्या बघ."

बिरप्पानं मान हलवली. मग उठून तो वाघरीकडं गेला, आणि मेंढरांभोवतीच्या जाळीची जी खुंटी सैल नव्हती तीच ठोकत बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो काठीला तेल चोळू लागला. येडूच्या हाताला लाकडाची कूस लागू नये म्हणून दगडानं घासायची, पुन्हा तेल लावायचं. ते मायाक्काला बघवेना. मायाक्का म्हणजे त्याची बायको. उंच, हाडापेरानं दणकट, बोलायला फटकळ. नवरा भांडला असता, दोन दिवस भाकरी टाकून बसला असता तर तिला बरं वाटलं असतं. हा आपला काठी चोळत होता.

कान कधीपासून मंदावला हे कुणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. डावा कान लहानपणी फुटला होता, तो अधूनमधून वाहायचा, घाण वास यायचा, पुन्हा सुकायचा. त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण पुढं उजवाही जड होत गेला. मग शेळीचं कोमट दूध झालं, लसूण जाळलेलं करडईचं तेल झालं, रुईचं पान शेकून त्याचा रस पिळला तेव्हा बिरप्पा वेदनेनं घोंगड्यावर लोळला. बिरोबाच्या पुजाऱ्यानं सांगितलं की ह्याच्या कानात देव बोलतोय, म्हणून माणसांचं ऐकू येत नाही. त्यावर काही दिवस बायका त्याच्या पाया पडत होत्या. बिरप्पा लाजून मेंढरांत जाऊन उभा राहायचा.

मंगळवेढ्याच्या बाजारात लाल फेट्यातला एक कानमैल्या भेटला. त्यानं सळईनं कान कोरला, आणि शेवटी कानातून निघाला म्हणून एक खडा तळहातावर ठेवला. बिरप्पानं तो उन्हात फिरवून बघितला. "हा भीमेतला खडा," तो म्हणाला. "मी काय कानानं नदीचं पानी प्यालो व्हय?" कानमैल्यानं तोवर दुसरं गिऱ्हाईक धरलं होतं.

मायाक्काचा स्वतःचा समज वेगळा होता. तिच्या मते सगळा दोष थंडीच्या वाऱ्याचा. कळप बाहेर पडायच्या आदल्या दिवशी वाडीतल्या बायका आपापल्या नवऱ्याच्या कानात लोकरीचा बोळा घालत. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर घ्यायची, तेलात भिजवायची, बिरोबाचा भंडारा लावायचा आणि बोटानं कानात दाबायची. तो बोळा हातानं काढायचा नाही. वाटेत त्याचा तो पडतो, आणि जिथं पडेल तिथं मेंढरांना चारा गावतो, असं म्हणत. बाकीच्यांचे बोळे पाच-सात मुक्कामांत कुठं ना कुठं गळत. बिरप्पाला आपला कधी गळला ते आठवत नसे. झोपेत पडला असेल, म्हणायचा. मायाक्का मात्र त्याचा कान जड झाल्यापासून दर साली जरा जास्तच लोकर घेऊन, जरा जास्तच जोरानं दाबत होती.

नवऱ्याला ऐकू येत नाही याचा तिला एक फायदाही झाला होता, तो तिनं कुणाला सांगितलेला नव्हता. वाटेनं त्याच्या मागं चालताना ती मनातलं सगळं बोलून टाकी. जावेची कागाळी, सासूचा राग, नवऱ्याला दोन शिव्या, आणि कधी शिव्या संपल्या की असंही काही, जे धनगराची बायको नवऱ्याच्या तोंडावर बोलत नसते.

काठीला तेल लागून लागून ती साळुंकीच्या चोचीसारखी चकाकायला लागली, तेव्हा मायाक्कानं घोंगड्यांचा गठ्ठा बांधला आणि दिराला सांगितलं की सोलापूरला घोंगडी विकून येते, ह्यांना ओझ्याला नेते. सिदूनं तिच्याकडं बघितलं. तिथं तिचा भाऊ रावजी गिरणीत कामाला आहे, आणि शहरात कानाचे डॉक्टर असतात, हे त्यालाही ठाऊक होतं. तो म्हणाला, दिवाळीच्या आत माघारी या.

बेगमपूरला नावेनं भीमा ओलांडली आणि पायांना फोड आणत दोघं सोलापुरात पोचली. रावजीची खोली गिरणीच्या मागच्या चाळीत होती. शेजारी सगळे तेलुगू विणकर. दिवसभर मागांची खटखट. पहाटे गिरणीचा भोंगा झाला तेव्हा मायाक्का दचकून उठून बसली. बिरप्पा कुशीवर वळला फक्त.

रावजीनं सांगितलं की सात रस्त्याजवळ सिद्धलिंगप्पा नावाचे डॉक्टर आहेत, अक्कलकोटकडचे, मुंबईला शिकून आलेले. ते नुसतं कान, नाक आणि घसाच बघतात.

"मग पोट दुखणाऱ्यानं कुटं जायाचं?" मायाक्कानं विचारलं.

"दुसऱ्याकडं."

"येवड्या मोठ्या मानसाला पोट बघता येत न्हाय?"

दवाखान्यात बाकावर बसल्यावर तिचा भरवसा आणखी कमी झाला. सिद्धलिंगप्पा डॉक्टर ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, कपाळावर भस्माचं पुसट बोट. त्यांनी कपाळाला पट्ट्यानं एक गोल आरसा बांधला, त्याच्या मधोमध भोक. दिव्याचा उजेड त्या आरशावर घेऊन त्यांनी बिरप्पाच्या तोंडात टाकला आणि आ करायला लावलं.

"कान हिकडं हाय," मायाक्का म्हणाली.

"ठाऊक आहे की, बाई," डॉक्टर म्हणाले. "ह्या तिन्ही खोल्या एकाच घरातल्या. आतून एक बोळ आहे. नाक चोंदलं, घसा सुजला की त्याचा त्रास कानाला पोचतो." त्यांनी नाकपुड्या बघितल्या, जीभ दाबून घसा बघितला. तिथं काही वावगं नव्हतं. मग कानात उजेड टाकून ते बराच वेळ वाकून राहिले आणि "हूं" म्हणाले.

टेबलावरून त्यांनी दोन बोटांचा एक लोखंडी काटा उचलला, गुडघ्यावर आपटला आणि बिरप्पाच्या कानासमोर धरला. बिरप्पा नुसता काट्याकडं बघत बसला. पुन्हा आपटला आणि त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. बिरप्पाचे डोळे मोठे झाले. त्यानं मायाक्काकडं बघितलं, छताकडं बघितलं.

"माशी हाय," तो म्हणाला. "माज्या डोस्क्यात माशी गातीया."

डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी तसंच केलं आणि काटा खाली ठेवला. ते मायाक्काला म्हणाले की हाडातून ऐकू येतं आहे, म्हणजे आतला माणूस जागा आहे. दार तेवढं कशानं तरी बंद झालंय. आत मळाचा काळा दगड झालाय, आणि मळाबरोबर आणखी काही दिसतं. आधी औषधानं भिजवायचं. कोरायचं नाही, तेल नाही, रुई तर मुळीच नाही.

"देव बोलतो म्हनत्यात त्यात," मायाक्का हळूच म्हणाली.

"बोलत असेल तर बोलू दे की. मी फक्त मळ काढणार."

मग चाळीच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ एक सोहळा होऊ लागला. मायाक्का भिंतीला टेकून बसे, बिरप्पा तिच्या मांडीवर डोकं ठेवून उजवा कान वर करी, आणि ती बाटलीतलं औषध थेंब थेंब सोडी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी चार बायकांदेखत नवऱ्याचं डोकं मांडीवर घ्यायची पाळी कधी आली नव्हती. विणकरांच्या बायका सुताच्या कांड्या भरता भरता तेलुगूत काहीतरी बोलून हसत. मायाक्काचे कान तापत. बिरप्पा डोळे मिटून उन्हात पडलेल्या मेंढ्यासारखा निवांत असे. औषध मुरेपर्यंत हलायचं नाही अशी ताकीद होती, आणि ती पाळण्यात तो फारच काटेकोर निघाला. वेळ भरून गेल्यावरही तो उठत नसे.

"उटा आता," ती म्हणे. "पाय मेला माजा." आणि त्याला ऐकू जात नाही म्हणून त्याच्या केसांतला भुसा काढत बसे.

ठरल्या दिवशी रावजीही बरोबर आला. डॉक्टरांनी पितळी पिचकारी काढली. बिरप्पाच्या खांद्यावर मेणकापड टाकलं, कानाखाली इनॅमलची खोलगट थाळी धरायला मायाक्काला दिली, आणि पाणी आधी स्वतःच्या मनगटावर सोडून बघितलं. फार गरम झालं तर घेरी येते, गार झालं तरी येते, ते म्हणाले. कानाची पाळी वर आणि मागं ओढून त्यांनी धार सोडली.

आधी गढूळ पाणी आलं. मग काळे तुकडे. मग डॉक्टरांनी पिचकारी ठेवली, बारीक चिमटा आत घातला आणि हळूहळू ओढला. थाळीत एक काळा ओला बोळा पडला. पुन्हा धार, पुन्हा चिमटा, आणि तपकिरी बोळा आला. त्याच्यामागून एक काळा-पांढरा, घट्ट, पिळलेला.

डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. "हे काय आहे?"

बिरप्पानं मान तिरकी ठेवूनच थाळीत डोळे घातले. "ही काजळीच्या पयल्या कोकराची," तो म्हणाला. "ही भोरीची. आन् ही... बांडी मेली त्या सालची. तिचं कोकरू मी पदरात घिऊन वाडवलं की."

मायाक्कानं थाळी उजेडाकडं धरली. साल ओळखायला तिला बिरप्पाची नजर लागत नव्हती. प्रत्येक बोळा तिच्याच बोटानं गेला होता.

"कुणी घातलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्या," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की रावजीलाही नवल वाटलं. "दर साली. वारा लागू नये म्हून."

डॉक्टर काही बोलायच्या आत बिरप्पानं दोन्ही हात कानांवर धरले. मेणकापडावरून थाळीत थेंब पडत होता, त्याच्याकडं तो बघत होता. रस्त्यावरून टांगा गेला. खिडकीत चिमण्या भांडत होत्या. त्यानं उजव्या कानावरचा हात उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ह्या समद्यास्नी जरा हळू बोलाया सांगा की."

आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला, कारण इतकी वर्षं तो केवढ्यानं ओरडत होता ते त्याला तेव्हा कळलं.

डाव्या कानात डॉक्टरांनी पाणी घातलं नाही. तिथला बोळा चिमट्यानंच निघाला. त्याचा वास असा की रावजी बाहेर गेला. कापूस गुंडाळलेल्या काडीनं तो कान आतून कोरडा केला, आरशातून बघितलं आणि पांढरी पूड फुंकली. त्या पडद्याला जुनं भोक आहे, ते म्हणाले. हा कान पुरता यायचा नाही. पण तो कोरडा ठेवायचा, डोहात डोकं बुडवायचं नाही, वाहायला लागला तर लगेच यायचं. वाहता कान तसाच ठेवला तर माणूस दगावतोसुद्धा. हे सांगताना त्यांचा चेहरा प्रथमच कडक झाला.

"आन् थंडी?" मायाक्कानं विचारलं. "लोकर घालायची न्हाय तर वारा शिरंल की."

डॉक्टरांच्या आधी बिरप्पाच म्हणाला, "मेंढराच्या कानात कोन बोळा घालतंय का? त्येची लोकर भाईरनं असती."

डॉक्टर हसले. "बरोबर. तुम्हीही बाहेरूनच बांधा."

दवाखान्यातला पोऱ्या थाळी ओतायला नेत होता, तर बिरप्पानं त्याला थांबवलं. देवाचा भंडारा लागलेली लोकर गटारात जायला नको. मायाक्कानं ते बोळे पिळून पदराच्या टोकाला बांधले.

माघारी येताना ती त्याच्या मागं चालेना. डावा कान फुटका, उजवा चांगला, म्हणून ती त्याच्या उजव्या अंगाला, जोडीनं चालली. समोरून येणारी माणसं वळून बघत. भीमेच्या नावेत एका म्हाताऱ्यानं विचारलंसुद्धा, नवी नवरी का? पण मायाक्काच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बोलायचं म्हटलं की वाटे, हा ऐकेल.

नदी मागं पडल्यावर बिरप्पा म्हणाला, "का गं, बोलत न्हाईस?"

"काय बोलू?"

"आदी तर वाटंनं लई बोलायचीस."

मायाक्का जागच्या जागी उभी राहिली. "तुमास्नी ऐकू येत हुतं?"

"न्हाय."

"मग?"

"मावळतीला मागनं ऊन आलं की तुजी सावली माज्याम्होरं पडायची. तिचे हात हालायचे." तो चालत राहिला. "काय बोलतीस ते कळत न्हवतं. पर बोलतीस येवडं कळायचं. बरं वाटायचं."

ती पुन्हा त्याच्या उजव्या अंगाला आली आणि पुढचा सगळा माळ तशीच चालली.

वाडीत पोचली तेव्हा दिवस कलला होता, आणि रानातून आलेल्या मेंढ्यांत कोकरं सोडायची वेळ होती. ती वेळ म्हणजे कल्लोळ. दिवसभर उपाशी कोकरं एका अंगानं, पान्हावलेल्या आया दुसऱ्या अंगानं, आणि प्रत्येक जण आपलंच माणूस हुडकत ओरडतो. सिदूनं भावाला बघितलं, पण काही विचारलं नाही. भाऊ बरा झाला नसेल तर पुन्हा ओरडून विचारावं लागणार, वाडी ऐकणार, त्यापेक्षा तो कोकरं मोजल्यासारखं करत राहिला.

बिरप्पा वाघरीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मेंढ्यांकडं न बघता, उजवा कान जरासा वळवून. मायाक्काला त्याची मान दिसत होती. हळूहळू जोड्या लागल्या, ओरडणं निवलं, चोखल्याचा चपचप आवाज येऊ लागला.

"सिदूदादा," बिरप्पा म्हणाला. कित्येक वर्षांत त्यानं भावाला अशी साध्या आवाजात हाक मारली नव्हती. "काजळीचं कोकरू हितं न्हाय. त्ये ओढ्याकडं ओरडतंय."

येडू म्हणाला, असं कसं, मी सगळी आणली. तरी तो ओढ्याकडं धावला. बोरीच्या जाळीत पाय अडकलेलं कोकरू काखेत घेऊन तो आला, तेव्हा काजळी पुढं होऊन ओरडू लागली आणि येडूच्या तोंडावर काही भाकरीचा विनोद उरला नव्हता.

सिदू खोपटात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ती तेल पाजलेली काठी होती. ती त्यानं बिरप्पाच्या खांद्याला टेकवली आणि "लई बुळबुळीत केलीस की रं," एवढं बोलून गुळण्या करायला निघून गेला.

निघायच्या आदल्या दिवशी बोळ्यांवरून सासू कुरकुरली. कान मोकळे ठेवून धनगर रानात जातो का, देव काय म्हणेल. मायाक्कानं वाद घातला नाही. तिनं पदरातली जुनी लोकर आणि यंदाच्या कातरणीची नवी लोकर एकत्र पिंजली, पट्टी वळली, भंडारा लावला आणि नवऱ्याच्या कानांवरून, फेट्याच्या खालून बांधली, उजव्या बाजूला जरा सैल. दुसऱ्या दोन-तीन बायका बघून गेल्या. त्यांनी संध्याकाळी तशाच पट्ट्या वळल्या.

सकाळी कळप हलला. घोड्यावर बिऱ्हाड, मागं कुत्री, पुढं काठी खांद्यावर टाकून बिरप्पा. मायाक्का म्हाताऱ्या मेंढ्यांसाठी मागं राहणार होती. ती वेशीपर्यंत त्याच्या उजव्या अंगानं चालली, मग जावा हसल्या म्हणून मागं सरली. रुळाजवळ आधी थांबा, मग कान द्या, मग मेंढरं घाला, हे सगळं तिनं सांगून झालं होतं. तो दोन-तीन पावलं पुढं गेल्यावर जुन्या सवयीनं, त्याच्या पाठीकडं बघत, ओठांतल्या ओठांत ती बोलून गेली, "लवकर या. तुमच्याबिगर मला लई सुनं वाटतं."

बिरप्पा थांबला. तो थांबला म्हणून मेंढरं थांबली, मेंढरं थांबली म्हणून घोडं थांबलं, आणि मागून येणारी सगळी वाडी थांबली. काय झालं म्हणून सिदू पुढं आला.

बिरप्पा वळला. "उजव्यानं ऐकलं," तो म्हणाला. "डाव्याला न्हाय आलं. परत बोल की."

मायाक्कानं खाली वाकून वाळलेली गवरी उचलली आणि त्याच्या अंगावर भिरकावली.